घाटकोपरवर अडकलेलं विमान

माझं विमान घाटकोपरवर येऊन अडकतं ही गोष्ट आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना ठाऊक होती, पण तोंडावर कुणी बोलत नसे. गेल्या फेब्रुवारीत तेही झालं.

विमान खरं नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. मी, अंबादास खिल्लारे, विक्रोळीच्या एका कंपनीत स्टोअर्स सांभाळतो आणि नाहूरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. विमान उडवतो ते कॉम्प्युटरवर, बेडरूमच्या खिडकीपाशी, खुर्ची मागे सरकली तर कपाटाला लागेल इतक्या ऐसपैस जागेत. मात्र याला कुणी गेम म्हटलं की माझ्या कपाळावर आठी येते. गेममध्ये माणूस बटणं दाबतो. मी चेकलिस्ट वाचतो. इंधन मोजतो, वारा विचारतो, परवानगी घेतो, मगच चाकं हलवतो. देशभरातले आम्ही साठ-सत्तर जण एकाच आकाशात उडतो आणि आमच्यातलेच काही जण कंट्रोल टॉवरवर बसून आम्हाला रांगेत लावतात. मुंबईचा टॉवर बोरिवलीच्या मृणालिनी कारखानीस सांभाळतात. बाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या आहेत. त्यांचा आवाज हेडफोनमध्ये आला की मी अजूनही आपोआप ताठ बसतो.

तर गेल्या फेब्रुवारीत आमचा वार्षिक मेळावा होता. रविवारी सकाळी अकरा वाजता सगळ्यांनी आपापल्या गावाहून उडून मुंबईला उतरायचं. मी ठाण्याची खाडी ओलांडली, कांदळवन मागे टाकलं, समोर घाटकोपर आलं आणि नेहमीप्रमाणे पडद्यावरचं चित्र थबकलं. एरवी सेकंदाला तीसेक चित्रं सरकतात म्हणून विमान उडल्यासारखं दिसतं. घाटकोपरवर इमारतीच इतक्या, की माझा कॉम्प्युटर सेकंदाला चारावर यायचा. म्हणजे विमान उडत नसे, उड्या मारत असे. त्या दिवशी तर एकाच उडीनंतर ते हवेत लटकून राहिलं. माझ्या मागे नऊ विमानं होती. बाईंनी तिघांना घिरट्या घालायला लावल्या, पाच जणांना अहमदाबादला पाठवलं आणि नागपूरच्या एका सज्जनाचं इंधन संपून तो भिवंडीच्या शेतात उतरला. त्या संध्याकाळपासून ग्रुपवर माझं नाव ‘घाटकोपर जंक्शन’ पडलं.

एकवीस वर्षं स्टोअर्समध्ये काढलेल्या माणसाला टोपणनावाचं काही वाटत नाही. दुखलं ते वेगळंच. यंदाच्या मेळाव्याची यादी करताना बाईंनी फोन केला आणि अत्यंत सौम्यपणे सुचवलं, की मशीन सुधारलं नसेल तर मी यंदा जळगावला उतरावं. तिथे गर्दी नसते.

जळगावबद्दल मला आदर आहे. पण वरात मुंबईत आणि आपण जळगावला, हे कुणाला सहन होईल? मी त्यांना म्हणालो, मशीन बदलतो. नोव्हेंबर चालू होता, मेळावा फेब्रुवारीत. तीन महिन्यांत आमच्या कंपनीत अख्खी शेड उभी राहिली होती. हा तर एक डबा.

माझी बायको शकु हॉस्पिटलमध्ये सिस्टर आहे आणि रोगाचं निदान ती दारातूनच करते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “घ्यायचं तर या रविवारी घ्या. नाहीतर हे तीन महिने मला ऐकावं लागेल.” तेव्हाच तिचं ऐकलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण मधल्या काळात शेजारी नंदकुमारला बातमी लागली.

नंदकुमार टेलिफोन खात्यातून निवृत्त झालाय आणि त्याचा एकच सिद्धांत आहे: आज घेतलेली वस्तू उद्या जुनी होते, म्हणून उद्या घ्यावी. या सिद्धांतावर तो पंधरा वर्षं टिकून आहे. त्याच्या फ्रिजचं दार बंद राहावं म्हणून त्याला स्टूल लावलेलं असतं, कारण फ्रिजमध्ये लवकरच काहीतरी मोठं येणार आहे असं त्याला कळलंय. त्याने माझ्याकडे बसून मोबाइलवर तासभर वाचन केलं आणि कॅलेंडरच्या पाठीवर आखणी करून दिली. डिसेंबरात नवं ग्राफिक्स कार्ड येणार, तेव्हा जुनं स्वस्त होणार. जानेवारीत त्याची आणखी तगडी आवृत्ती येणार, तेव्हा डिसेंबरचं स्वस्त होणार. प्रोसेसरचं तर खालचं सॉकेटच बदलणार, त्यामुळे आत्ता प्रोसेसर घेणारा माणूस मूर्ख. मी स्टोअर्समधला माणूस. आखणी दिसली की माझा विश्वास बसतो. मी थांबलो.

डिसेंबरात कार्ड आलं. नंदकुमार म्हणाला, पहिल्या लॉटमधलं काही घेऊ नये, पहिला लॉट म्हणजे गिऱ्हाइकावर केलेला प्रयोग. मी थांबलो. जानेवारीत तगडी आवृत्ती लांबणीवर पडली. आणि ज्या रॅमचा आम्ही दोघांनीही कधी विचार केला नव्हता, त्या रॅमचे भाव आम्ही थांबलेले असताना भराभर चढले. थांबलं की वस्तू स्वस्त होते हा सिद्धांत रॅमने वाचला नव्हता. नंदकुमारला हे सांगितलं तर तो म्हणाला, मग उतरेपर्यंत थांब. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्याच्या फ्रिजच्या स्टुलाकडे नीट पाहिलं आणि तडक घाटकोपर गाठलं.

स्टेशनपासून पाच मिनिटांवर अल्पेशचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. अल्पेश पंचेचाळीसचा, मी एकोणपन्नासचा, तरी तो मला अंकल म्हणतो. त्याने विचारलं, अंकल, प्रोसेसर कोणता आहे? आता माझा प्रोसेसर आठ वर्षांचा. दुकानात कॉलेजातली चार मुलं उभी. त्यांच्यासमोर आठ वर्षं म्हणायची माझी छाती झाली नाही. मी म्हणालो, “चांगला आहे.” अल्पेश पुढे काहीतरी सांगू लागला, की आधी एक चेक करून बघा. मी हात वर करून त्याला थांबवलं आणि स्टोअर्सच्या आवाजात म्हणालो की मला काय हवंय ते मला माहीत आहे. मला तीन पंख्यांचं कार्ड हवं होतं. ते मी घेतलं.

गेटवर वॉचमनने खोका पाहिला आणि रजिस्टरात ‘मशीन – १ नग’ अशी नोंद केली. तिकडे तेव्हा माझं लक्ष नव्हतं.

घरी आल्यावर कळलं की कार्ड माझ्या कॅबिनेटपेक्षा दोन बोटं लांब आहे. एकवीस वर्षांत मी मापाशिवाय एक वॉशर मागवलेला नाही. ही गोष्ट ऑफिसात आजपर्यंत कुणाला सांगितलेली नाही आणि वाचकांनीही ती आपल्यापाशीच ठेवावी. कॅबिनेटमध्ये पुढे हार्ड डिस्क ठेवायचा एक पत्र्याचा पिंजरा होता, तो आडवा येत होता. मी हॅकसॉ काढला आणि शनिवारी दुपारी गॅलरीत बसून पिंजरा कापला. दीड तास लागला. शकु ड्युटीवर होती, त्यामुळे आवाज कसा होता हे मला थेट खालच्या मजल्याकडून समजलं.

कार्ड बसलं. कॉम्प्युटर सुरू झाला आणि बंद झाला. पुन्हा सुरू झाला, पुन्हा बंद. नंदकुमारने हे पाहिलं आणि त्याला समाधान वाटलं, असं मला वाटतं. जुना पॉवर सप्लाय या कार्डाला पुरेना. मी दुसऱ्या दिवशी साडेआठशे वॅटचा सप्लाय आणला, आणि तो आणल्याचं नंदकुमारने जिन्यात उभं राहून दोन मजल्यांना सांगितलं. सांगताना वॅटवर जोर दिला.

सोमवारी संध्याकाळी सोसायटीच्या बोर्डावर सूचना लागली होती: सदनिका क्रमांक ३०२ मध्ये व्यावसायिक स्वरूपाची यंत्रसामग्री बसवण्यात येत असल्याचे निदर्शनास आले आहे, संबंधितांनी खुलासा करावा. मशीन एक नग, करवतीचा आवाज, साडेआठशे वॅट. पुरावा भक्कम होता, नाही कसं म्हणू? लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरच्या बाईंनी मला विचारलं की पापडाचं मशीन का? सहाव्या मजल्यावरच्यांना खात्रीलायक माहिती होती की मी इंटरनेटवरची नाणी पाडतोय.

सेक्रेटरी मार्तंड घरत हा माणूस नियमाला पक्का. मूळचा कोळीवाड्यातला. घरच्या होडीचे कागदही त्याने लॅमिनेट करून ठेवलेत. त्याने मला बसवून घेतलं, चहा दिला आणि सांगितलं की माझ्यावर त्याचा पूर्ण विश्वास आहे, फक्त तीन प्रतींत अर्ज, यंत्र घरगुती असल्याचं हमीपत्र आणि वीज कंपनीकडून भार वाढत नसल्याचा दाखला आणावा. तोपर्यंत यंत्र चालवू नये. मेळाव्याला एकोणीस दिवस राहिले होते.

मी रजा टाकून वीज कंपनीच्या कार्यालयात गेलो. फॉर्मवर प्रयोजन असा रकाना होता आणि त्यात घर, दुकान, उद्योग आणि शेती असे चार पर्याय. खिडकीवरच्या गृहस्थांनी यंत्र काय करतं ते विचारलं. मी खरं ते सांगितलं, की विमान उडवतं. त्यांनी मला सात नंबरच्या खिडकीवर पाठवलं. सात नंबरने ड्रोनची परवानगी पोलिसांकडून असते असं सांगून मला चार नंबरला पाठवलं. चार नंबरचे जेवायला गेले होते. शेवटी वरच्या मजल्यावर दिपाली तांडेल नावाच्या ज्युनिअर इंजिनिअर भेटल्या. त्यांनी दोन मिनिटांत सगळं ऐकलं आणि विचारलं, घरात गिझर आहे का? म्हटलं, आहे. तो दोन हजार वॅटचा असतो, त्याचा दाखला कुणी मागितला होता का? म्हटलं, नाही. त्यांनी सुस्कारा टाकला, एक कागद ओढला आणि सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं की सदर यंत्र गिझरपेक्षा लहान आहे.

तो कागद मार्तंडने तीनदा वाचला. मग पाहणी म्हणून माझ्याकडे आला. मी त्याला विमानातून नाहूरवर नेलं. आपली बिल्डिंग वरून दाखवा म्हणाला, कारण गच्चीवरची ताडपत्री नीट आहे का हे त्याला बघायचं होतं. दाखवली. आमची इमारत सात मजल्यांची आहे, कॉम्प्युटरने ती अंदाजाने अकरा मजल्यांची उभी केली होती. मार्तंड एकदम गंभीर झाला आणि विचारू लागला की हे चार मजले कुणाच्या परवानगीने चढवले. त्याला समजवायला मला अर्धा तास लागला. जाताना तो सूचना काढतो म्हणाला, पण त्या चार मजल्यांचं लेखी काहीतरी द्या अशी त्याची विनंती होती. तेही दिलं.

आणि मग, सगळ्या कागदांतून सुटका झाल्यावर, शनिवारी दुपारी मी पहिलं मोठं उड्डाण केलं. खाडी आली. काय सांगू, पाण्यावरची प्रत्येक लाट वेगळी दिसत होती, कांदळवनाची पानं हलत होती, पंखावर ऊन पडलं होतं. मी शकुला हाक मारली. ती हातात डाळीचं पातेलं घेऊन आली आणि म्हणाली, खरंच छान दिसतंय. तेवढ्यात घाटकोपर आलं आणि विमान अडकलं.

अगदी पूर्वीसारखं. फरक एवढाच, की पूर्वी धुरकट अडकायचं, आता स्वच्छ अडकलं होतं. कुणाच्या तरी गच्चीवरची पाण्याची टाकी मला तिच्या झाकणासकट दिसत होती.

शकु पातेलं घेऊन परत गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं. पण मी खचणारा माणूस नाही. स्टोअर्समध्ये चुकीचा माल आला की आम्ही रडत बसत नाही, रिजेक्शन नोट भरतो आणि कारण शोधतो. कारण शोधायला मला आता एकच माणूस माहीत होतं. मी तासभर खोलीत फेऱ्या मारल्या, कारण खोलीत चारच पावलं मावतात आणि धीर व्हायला बऱ्याच फेऱ्या लागल्या. मग मृणालिनीबाईंना फोन केला आणि सगळं सांगितलं. पिंजरा कापल्याचंही.

बाईंनी मधे एकदाही अडवलं नाही. मग म्हणाल्या, “खिल्लारे, चित्राचा आकार अगदी लहान करा, सगळी सजावट बंद करा, आणि पुन्हा घाटकोपरवर जा. फोन चालू ठेवा.”

मी तसं केलं. पडद्यावर घाटकोपर म्हणजे करड्या ठोकळ्यांचा ढीग झाला, बालवाडीतल्या मुलाने रचल्यासारखा. तरीही विमान तिथेच अडकलं.

“म्हणजे कार्डाचा दोष नव्हताच,” त्या म्हणाल्या. “कार्ड चित्र रंगवतं. कुठे काय रंगवायचं ते प्रोसेसर सांगतो. तुम्ही रंगारी नवा आणलात, मुकादम आठ वर्षांपूर्वीचाच आहे. रंगारी बिचारा ब्रश घेऊन उभा आहे.”

ही चाचणी पाच मिनिटांची होती. नोव्हेंबरपासून मी, नंदकुमार आणि त्याचं कॅलेंडर मिळून तिच्यापर्यंत पोचलो नव्हतो. अल्पेश पोचला होता, त्याला मी हात वर करून थांबवलं होतं. मी बाईंना विचारलं की मग प्रोसेसर आत्ता घ्यावा की नवं सॉकेट येईपर्यंत थांबावं.

“तुम्हाला मुंबईला उतरायचंय का?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“आत्ताच्या मशीनवर उतरता येतंय का?”

“नाही.”

“मग वेळ झालेली आहे. बाजारात काय येणार आहे ते बाजाराला बघू दे.”

दुसऱ्या दिवशी मी कॅबिनेट रिक्षात घालून अल्पेशकडे गेलो. दुकानात पुन्हा चार मुलं उभी होती. वेगळी असतील, पण मला तीच वाटली. त्यांच्यासमोर मी सांगितलं, की माझा प्रोसेसर आठ वर्षांचा आहे आणि मागच्या वेळी मी खोटं बोललो. मुलांना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यातला एक जण म्हणाला, काका, माझा अकरा वर्षांचा आहे. अल्पेशने नुसतं स्टूल पुढे केलं. मग कापलेल्या पिंजऱ्याकडे पाहून विचारलं, “अंकल, हे उंदराने केलं का?” मी हो म्हणालो. सगळंच खरं एका दिवशी बोलायला नको.

प्रोसेसर बदलायचा तर मदरबोर्ड बदलावा लागतो, मदरबोर्ड बदलला की रॅम. मी भाव विचारला, तो ऐकताना खिडकीबाहेर पाहिलं आणि घ्या म्हणालो. दुपारपर्यंत अल्पेशने सगळं जोडून दिलं. चालू करून त्याने मला दुकानातच घाटकोपरवर उडवलं. आपण घाटकोपरमध्ये बसून घाटकोपरवरून पुढे जातोय हे पाहून चहावाल्याकडून मी सगळ्या दुकानाला चहा सांगितला.

मेळाव्याच्या रविवारी अकरा वाजता आमच्या बेडरूममध्ये चार माणसं होती. शकुने सुट्टी घेतली होती. नंदकुमार बिछान्यावर बसला होता. मार्तंड उभाच होता, कदाचित आणखी मजले चढले का ते बघायला. माझा क्रमांक सातवा होता. मागे अकरा विमानं.

खाडी आली. कांदळवन गेलं. बाईंनी माझा नंबर पुकारला आणि उतरायची परवानगी दिली. घाटकोपर समोर आलं, आणि चालत राहिलं. टेकडीवरच्या झोपड्या, मेट्रोचा पूल, रस्त्यावरच्या बसगाड्या, सगळं शांतपणे पायाखालून मागे सरकत होतं. दुकानात ओझरतं पाहिलं तेवढं सोडलं तर आठ वर्षांत मी हा भाग कधी हलताना पाहिलाच नव्हता. मी बघत राहिलो. नंदकुमारसुद्धा पुढे वाकून बघत होता. त्या बघण्यात विमान खाली आणायचं राहून गेलं. रनवे समोर आला तेव्हा मी हवी त्याच्या दुप्पट उंचीवर होतो आणि वेगही भलताच होता.

आजवर काही चुकलं की मी मशीनकडे बोट दाखवत असे. आता मशीन सेकंदाला साठ चित्रं दाखवत होतं, आणि साठच्या साठ चित्रांत माझीच चूक होती. माझा हात नाक खाली दाबायला गेला. तसं दाबलं असतं तर मी आपटून का होईना उतरलो असतो, आणि रनवेच्या टोकाला गवतात गेलो असतो.

“करू नका,” शकु मागून हळू म्हणाली. तिला विमानातलं काही कळत नाही. तिला माझी मान दिसत होती.

मी बटण दाबून बोललो, की माझी उंची चुकली आहे, मी पुन्हा फिरून येतो. अकरा विमानांच्या कानावर ते गेलं. मग बाईंनी नेहमीच्याच आवाजात मला डावीकडे वळून उंची घ्यायला सांगितलं आणि मागच्या सगळ्यांना एकेक मिनिट थोपवलं. कुणी अहमदाबादला गेलं नाही. जंक्शन हा शब्दही कुणी उच्चारला नाही.

मी समुद्रावरून वळलो, सगळ्या रांगेला वळसा घालून पुन्हा खाडीवर आलो. या खेपेला घाटकोपरकडे पाहिलं नाही. उंची पाहिली, वेग पाहिला, रनवेची मधली रेघ पाहिली. चाकं टेकली तेव्हा मार्तंडला ती टेकल्याचं कळलंसुद्धा नाही, त्याने विचारलं की आता उतरणार कधी. मी ब्रेक लावले. विमान रनवेच्या मधोमध थांबलं. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो. शकुने माझ्या खांद्यावर हात ठेवला. नंदकुमारने नाक शिंकरलं, आणि ते सर्दीचं नव्हतं हे मी कुठेही शपथेवर सांगेन.

हेडफोनमध्ये खरखर झाली.

“खिल्लारे,” मृणालिनीबाई म्हणाल्या, “सुंदर उतरलात. आता रनवे मोकळा करा, मागे लोक आहेत.”

मी केला.